वारसा-किट: वही ठेवा, टेप काढून टाका

‘घरातल्या जुन्या वस्तू आणि त्यांच्या आठवणी जपणारं संपूर्ण किट’ असं खोक्यावर छापलंय. आत १२ इंच बाय १२ इंच मापाची, स्क्रूने बांधलेली जाडजूड चिकटवही आहे. तिच्यात क्रीम रंगाची २० पानं, काळी १० पानं आणि त्या सगळ्यांना घालायला प्लॅस्टिकची पारदर्शक कव्हरं. शिवाय नक्षीदार कागदांचा गठ्ठा, स्टिकर, रंगीत चिकटपट्ट्या, गोंदाची कांडी, दुहेरी टेप, सोनेरी पेन, फोटो अडकवायचे कागदी कोपरे, क्यूआर कोडचे स्टिकर आणि एक माहितीपुस्तिका. किंमत २,४९० रुपये. भाचीने ऑनलाइन मागवून परस्पर माझ्या पत्त्यावर पाठवलं आणि फोनवर हुकूम सोडला, “आत्या, त्या कापडी पिशवीत जे काय आहे ना तुझ्याकडे, ते सगळं यात लाव.”

कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा बहुतेक किटमध्ये साधारण हाच ऐवज असतो, वरचं खोकं तेवढं बदलतं.

मी परळच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निकाल दाबून ठेवायची सवय नाही, म्हणून आधीच सांगते. वहीची बांधणी, क्रीम पानं आणि कागदी कोपरे पहिल्या वर्गात पास. प्लॅस्टिक कव्हरं, काळी पानं, टेप आणि सोनेरी पेन नापास. गोंदाची कांडी आणि क्यूआर स्टिकर ग्रेस मार्क देऊन वर ढकलले. माहितीपुस्तिका मी वाचली आहे, तुम्ही वाचू नका. पाचपैकी अडीच.

पिशवीत काय होतं ते कळल्याशिवाय हे गुण कसे दिले ते कळणार नाही. आम्ही लालबागचे. वडील गिरणीत साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, आणि आई घरात खाणावळ चालवायची. कोकणातून, साताऱ्याकडून आलेले, बायकापोरं गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर आमच्याकडे जेवायचे. गिरणीच्या पाळ्या तीन, त्यामुळे आमच्या घरातली चूलही जवळजवळ तीन पाळ्यांत. बुधवार-रविवार वशाट, बाकी दिवस उसळ-भाकरी नाहीतर आमटी-भात. आईला लिहायला येत नव्हतं, म्हणून तिसरीपासून हिशेबाची वही माझ्याकडे. कोण जेवला त्याच्या नावापुढे उभी रेघ, नाही जेवला तर फुली. फुली म्हणजे खाडा. महिनाअखेरी खाड्याचे पैसे वजा व्हायचे.

तर पिशवीत ती वही होती. लांबट, लाल कापडी बांधणीची. वडिलांचा गिरणीतला पितळी बिल्ला. गावाहून आलेली पोस्टकार्डं. आईवडिलांचा स्टुडिओत काढलेला एक काळापांढरा फोटो. आईच्या कर्जाचं पासबुक. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यानंतर खाणावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं तोंड दिसलं, त्यातलं हे पासबुक. आणि आईच्या लुगड्यांच्या काठांची कात्रणं. सोनं म्हणाल तर ते १९८२ च्या गिरणी संपातच मोडलं.

आता चाचण्या. सुरुवात प्लॅस्टिकपासून, कारण किटमधली सगळ्यात घातक वस्तू तीच निघाली.

कव्हरं उघडल्याबरोबर वास आला. नवीन पावसाळी चपलेला येतो तो. कंपनीला ईमेल करून विचारलं, हे प्लॅस्टिक कुठलं? उत्तर आलं, ‘प्रीमियम ग्रेड.’ शाळेत असं उत्तर लिहिलं असतं तर शून्य दिला असता. मग तांब्याची तार काढली. ही चाचणी जुनी आहे, रसायनशास्त्रात बाइलस्टाइन चाचणी म्हणतात. तार गॅसच्या ज्योतीत लाल होईस्तोवर तापवायची, ज्योतीला काही रंग येत नाही ना ते पाहायचं, मग तापलेलं टोक प्लॅस्टिकच्या कोपऱ्याला टेकवायचं आणि चिकटलेला कण पुन्हा ज्योतीत धरायचा. ज्योत हिरवी झाली तर प्लॅस्टिकात क्लोरीन आहे, म्हणजे बहुतेक पीव्हीसी. माझी ज्योत चांगली पाचूसारखी हिरवी झाली. (कण अगदी बारीक घ्या, खिडकी उघडी ठेवा, आणि नातवंडांना जवळ घेऊन गंमत दाखवायची असेल तर दोन हात लांबूनच. निघणारा धूर चांगला नसतो.)

पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं घालतात. ती वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतात. जुन्या ओळखपत्राच्या पाकिटाला आतून अक्षरं चिकटून गेलेली तुम्ही पाहिली असतील, तो त्याचाच प्रताप. शिवाय पीव्हीसी जुनं होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. पन्नास वर्षं टिकलेलं पोस्टकार्ड अशा कव्हरात घालायचं म्हणजे जपायच्या नावाखाली ते संपवायला घ्यायचं. सुरक्षित प्लॅस्टिकं तीन: पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन. मी क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर गेले आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या साध्या पारदर्शिका मागितल्या. शाळेत आम्ही वापरायचो त्या, झेरॉक्सच्या. त्या पॉलिएस्टरच्या असतात. दुकानदार म्हणाला, “बाई, आता कोण वापरतं हे?” पण माळ्यावरून काढून दिल्या. इंकजेटच्या घेऊ नका, त्यांच्यावर लेप असतो. घरी येऊन त्यांचीही तार-परीक्षा घेतली. ज्योत निळीच राहिली.

एक मात्र लक्षात ठेवायला हवं. चांगलं प्लॅस्टिकही मुंबईच्या पावसाळ्यात फोटोच्या तोंडावर दाबून ठेवू नये. हवेतल्या ओलाव्याने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि प्लॅस्टिकला चिकटतो. ओढून काढायला गेलात की चेहराच निघून येतो. म्हणून आमच्या वहीत फोटोवर कव्हर नाही, मध्ये फक्त एक पातळ आम्लमुक्त कागद आहे. आणि जून ते सप्टेंबर या कामाला हात लावू नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

कागदाबद्दल कंपनीने ‘अॅसिड-फ्री’ असं लिहिलंय. लिहायला काय जातं! पण तपासलं, आणि इथे कंपनीला पूर्ण गुण. एक ग्रॅम कागदाचे बारीक तुकडे ७० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये तासभर भिजवायचे आणि पाण्यात पीएच पट्टी बुडवायची. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला बाटलीत विकत मिळतं ते पाणी चालतं, फक्त त्या नुसत्या पाण्याचीही पट्टी तुलनेसाठी काढून ठेवा. पीएच ७ म्हणजे ना आम्ल ना क्षार, त्याखाली आम्ल, वर क्षार. क्रीम पानांचं पाणी ७ च्या वर, ८ च्या जवळपास निघालं. याचा अर्थ कागदात कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असावं. हवेतून किंवा शेजारच्या कागदातून आलेलं आम्ल ते गिळून टाकतं. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन, म्हणजे कागद पिवळा पाडणारं द्रव्य, तसंच राहिलेलं असतं, आणि शाई पसरू नये म्हणून पूर्वी कागदाला तुरटी-राळ लावत. त्या तुरटीमुळे कागद आतूनच आंबट होत जातो, तपकिरी पडतो, घडीवर तुटतो. हिशेबाच्या वहीचे कोपरे चिमटीत धरले की भुगा होतो, तो याच कारणाने.

काळ्या पानांवर ओला कापूस फिरवला. कापूस काळा झाला, पुढे बोलायला नको. नक्षीदार कागदांचे निकाल संमिश्र आले, काही ६ च्या खालीही. ते पानाच्या कडेला दुरून शोभेला ठेवायला हरकत नाही, मूळ वस्तूच्या पाठीशी नको.

सोनेरी पेनाने लिहून वर पाण्याचा थेंब ठेवला, पाच मिनिटांनी टिपला, तर अक्षरं कागदावर फिकट आणि टिपकागदावर सोनेरी. जवळच्या चित्रकलेच्या दुकानातून पिगमेंट शाईचं पेन आणलं, त्याच थेंबाला ते ढिम्म हललं नाही. फोटोच्या मागे मात्र पेन नाहीच, मऊ पेन्सिल, तीही न दाबता, कडेला.

टेप आणि गोंद यांच्याबाबत माझा एकच नियम आहे. जे उद्या सुटं करता येणार नाही ते मूळ वस्तूला लावायचं नाही. संग्रहालयांत कागद दुरुस्त करणारे लोकही याच नियमाने चालतात. ते गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरतात, पण ती चोख स्टार्चची, ताजी आणि पाण्याने पुन्हा सुटणारी. आपण मैद्याची खळ करून लावली तर पहिल्याच पावसाळ्यात कसर आणि झुरळं जेवायला येतील. किटमधली दुहेरी टेप इतकी पक्की आहे की पानासकट सुटते. रंगीत चिकटपट्ट्या उलट, त्या आठवड्यात आपणहून गळतात. गोंदाच्या कांडीने मी फक्त झेरॉक्स आणि माझी टिपणं चिकटवली.

मग चिकटवहीत वस्तू लावायच्या कशा? इथे ते कागदी कोपरे कामाला येतात. छोटे त्रिकोणी खिसे, मागचा चिकट भाग पानाला लागतो, फोटोला नाही. किटमध्ये ते भरपूर दिले आहेत आणि त्यांच्यासाठी मी कंपनीचे बाकीचे गुन्हे निम्मे माफ केले. स्टुडिओतला फोटो चार कोपऱ्यांत बसला. पोस्टकार्डांना दोन्ही बाजूंना मजकूर, म्हणून पानाला कार्डापेक्षा किंचित लहान खिडकी कापली, कार्ड दोन पारदर्शिकांच्या मध्ये ठेवलं, कडा कार्डापासून दूर शिवून घेतल्या. पान उलटलं की पत्ता वाचता येतो, पुन्हा उलटलं की आजोबांचं ‘येताना मशेरी आणि दोरीचा गुंडा आणणे’.

लुगड्याची कात्रणं शिवली. आईने लुगड्यांच्या गोधड्या घातल्या तेव्हा उरलेले काठ होते, त्यामुळे काही कापायची वेळ आली नाही. आणि कापू नयेच. हल्ली पैठणी फाडून तिचा चौकोन फ्रेम करायची टूम निघाली आहे, मला ती बघवत नाही. सुती कापड क्रीम पानावर सुती दोऱ्याने टाचलं तर निर्धास्त. रेशीम किंवा लोकर असेल तर हे कॅल्शियमवालं पान टाळा, त्यांना क्षार मानवत नाही. जरीला तर वर्तमानपत्र, रबरबँड काहीच लागू देऊ नका, रबरातल्या गंधकाने जर काळी पडते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि वर्षातून दोनदा घडी मोडून दुसरीकडे घाला.

पासबुकाला जुन्या स्टेपलर पिनचा गंज लागला होता. पिना पातळ सुरीने सरळ करून काढल्या, ओढून नाही. पासबुक लॅमिनेट करून घे असं शेजारणीने सुचवलं. लॅमिनेशन म्हणजे उष्णतेने वितळवलेलं प्लॅस्टिक कागदात कायमचं मुरवणं. ते परत निघत नाही. नियम वर सांगितलाच आहे.

बिल्ल्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. किटच्या पुस्तिकेत ‘लहान धातूच्या वस्तू फोम टेपने पानावर बसवा’ असं चित्रासकट दाखवलंय. पितळ जड, टोकदार. वही मिटली की समोरच्या पानावर त्याचा वण उमटणार, फोमचा गोंद मागून धातू खाणार, आणि एक दिवस बिल्ला सुटून कुणाच्या तरी सोफ्याखाली जाणार. मग आठवलं, चौथीतली पोरं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात. पातळ कागद घेतला, बिल्ल्यावर धरला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली. नंबर उमटला, खात्याची खूण उमटली, वरचं भोक उमटलं. फोटोत जी झीज दिसत नव्हती तीसुद्धा उमटली. एक कड दुसरीपेक्षा जास्त गुळगुळीत आहे, म्हणजे रोज त्याच बाजूने अंगठा लागायचा. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, तो उडत नाही, फिकट होत नाही. एवढंच की हात लागला तर पुसटतो, म्हणून त्यावर पारदर्शिका ठेवली. बिल्ला स्वतः सुती बटव्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत, कपाटात. आणि चिंच-मीठ लावून तो लख्ख करायचा मोह आवरला. त्या काळपटपणावर वडिलांचा हात फिरलेला आहे, आणि घासताना आकडेही झिजतात.

हिशेबाची वही अर्थातच फाडून चिकटवायची नव्हती. निवडक पानं स्कॅन केली, ६०० डीपीआयला, आणि लेझर प्रिंटरवर आम्लमुक्त कागदावर काढली. काळा टोनर टिकाऊ असतो. घरच्या रंगीत इंकजेटचे रंग काही वर्षांत उडतात, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि स्कॅन केलं म्हणून मूळ वही रद्दीत घालू नका, हेही सांगायची वेळ आली आहे.

इथपर्यंत झाला सामानाचा हिशेब. या किटवर माझा खरा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. आठवण लिहायला यात जागाच नाही.

प्रत्येक पानावर छापील चौकट आहे, दोन इंच बाय तीन. वर लिहिलंय, ‘माझी खास आठवण’. पुस्तिकेत मदतीसाठी प्रश्न दिलेत. ‘हा क्षण तुम्हाला का आवडतो?’, ‘तीन शब्दांत वर्णन करा.’ सोबत स्टिकर: आयफेल टॉवर, चहाचा कप, पीस, होकायंत्र, आणि इंग्रजीत ‘ब्लेस्ड’. गिरणगावातल्या खाणावळीच्या पानावर आयफेल टॉवर कुठे लावायचा, हे कंपनीने कळवावं. सगळे स्टिकर खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकले. ती खूश आहे.

हे दोन इंच का खटकले ते सांगते. वहीची शेवटची पानं १९८२ ची आहेत. १८ जानेवारीला संप सुरू झाला, मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तोवर मी नोकरीला लागले होते आणि वही धाकट्या भावाकडे गेली होती. त्या पानांवर त्याचं अक्षर आहे. मार्च-एप्रिलनंतर नावांपुढे फुल्याच फुल्या. ओळीच्या ओळी खाडे. मी इतकी वर्षं धरून चालले होते की माणसं गावी गेली असणार, कारण संपात पुष्कळजण गावी गेलेच होते. किटमधलं पान लावताना मी त्याप्रमाणे टिपणही लिहून ठेवलं, ‘संपामुळे बहुतेक कामगार गावी परतले’. त्या दोन इंचांत ते व्यवस्थित मावलं. मग भावाला दाखवायला घेऊन गेले.

त्याने पान बघितलं आणि म्हणाला, “गावी कुठले? जेवून जायचे सगळे. आई म्हणायची, खाडा लाव.”

“मग मला कधी बोलला नाहीस?”

“तू विचारलंस कधी?”

त्यानंतर तो तासभर बोलला. कोण हात धुवायला मोरीवर गेला की मागे न बघता निघून जायचा, कोणाला ते आवडायचं नाही म्हणून तो खरंच यायचा बंद झाला, पासबुकातला हप्ता त्या महिन्यांत कसा भरला. वडिलांना यातलं किती ठाऊक होतं याबद्दल त्याची खात्री नाही. मी तेही तसंच लिहिलं. ही माहिती वहीत नाही. वही उलट सांगते. वस्तू नुसती जपली असती, अगदी संग्रहालयाच्या तोडीने जपली असती, तरी ती माझ्या भाचीला आयुष्यभर खोटंच सांगत राहिली असती.

म्हणून माझा सल्ला: वस्तूचं एक पान असेल तर लिखाणाची दोन धरा. आणि ‘तुमची आवडती आठवण कोणती’ असं कुणालाही विचारू नका, म्हातारी माणसं त्यावर ‘सगळंच चांगलं होतं’ म्हणून गप्प बसतात. वस्तू हातात द्या आणि लहान प्रश्न विचारा. हे कुठे टांगलेलं असायचं? पहिलं ताट कुणाला? दारात कोण बसायचं? हे तुटलं तेव्हा कुणी ओरडलं? कुणी सांगितलं आणि कधी, ते पानावर लिहा. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा. भावाचा मजकूर मी त्याच्याच अक्षरात घेतला, त्याच्याच स्पेलिंगच्या चुकांसकट. शिक्षिकेला हे किती जड गेलं असेल ते समजून घ्या.

क्यूआर स्टिकरची कल्पना चांगली आहे. आवाज रेकॉर्ड करायचा, कंपनीच्या साइटवर चढवायचा, स्टिकर पानावर लावायचा, मोबाइल धरला की आवाज ऐकू येतो. भावाचा आवाज त्यात घातला, भाचीने तिकडे बसून ऐकला आणि खूप वेळ गप्प होती. पण बारीक अक्षरांत लिहिलंय की पहिलं वर्षच मोफत. पुढे दरसाल वर्गणी, आणि कंपनी गुंडाळली तर पानावर उरणार नुसता ठिपक्यांचा चौकोन. तेव्हा मूळ आवाजाची फाइल स्वतःकडे दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि बोललेलं शब्दशः कागदावर उतरवा. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या संशोधकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तेव्हाही ध्वनिमुद्रणाबरोबर शब्द लिहिले गेले, गाणारीचं नाव आणि गाव टिपलं गेलं. म्हणून त्या आज सापडतात. आईलाही ओव्या यायच्या. मुंबईत जातं नव्हतं, ती पोळपाटावर म्हणायची. भावाला त्यातल्या साडेतीन आठवल्या. साडेतीनच लिहिल्या आहेत, उरलेल्या अर्ध्या ओवीची जागा मोकळी सोडली आहे. कुणा मावसबहिणीला आठवली तर भरता येईल.

आता पैशाचं. २,४९० पैकी उपयोगी सामान माझ्या अंदाजाने निम्म्या किमतीचं. हाताने करायची तयारी असेल तर किटवाचूनही भागतं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेने १९४० साली सुरू झालेली. तिथला सुती चिंध्यांपासून केलेला कागद मजबूत असतो, त्यात लाकूड नसल्याने लिग्निनची कटकट नाही. तरी पीएच पट्टी बुडवून घ्याच, शेंदूर-गुलाबी रंगवलेले कागद टाळा आणि कोऱ्या पांढऱ्यात घ्या. बांधणी गल्लीतल्या बाइंडरकडून दोऱ्याची करून घेता येते, फक्त त्याला गोंद कमी लावायला सांगा आणि मधे जाड पट्ट्या घालायला सांगा, नाहीतर वस्तू लावल्यावर वही तोंड वासून बसते. हे सगळं जमवायला चार दुकानं फिरावी लागतात. ज्यांना ते होणार नाही त्यांच्यासाठी किट वाईट नाही. गुडघे दुखणाऱ्यांना तर मी किटच सुचवीन.

स्क्रूची बांधणी हा याचा मोठा फायदा. पानं मागाहून वाढवता येतात, मधली काढून पुढेमागे करता येतात. माझ्या भावाने तासभर बोलल्यावर तीन पानं मध्येच घुसवावी लागली, ती याच्यामुळे घुसली. लांब स्क्रूंचा जोड मात्र वेगळा विकत घ्यावा लागतो आणि त्याचे १८० रुपये हा दरोडा आहे. हार्डवेअरच्या दुकानात त्याच जाडीचे पितळी स्क्रू मिळतात, जुना नमुना घेऊन जा. वही कपाटात उभी नको, आडवी ठेवा, तिच्यावर दुसरं काही रचू नका. डांबराच्या गोळ्या तिच्या कप्प्यात नकोत, वेखंड मलमलीत बांधून ठेवलं तरी चालतं.

जादा पानांचा दहाचा संच ४५० ला मिळतो. मागवताना रंग निवडायचा पर्याय खाली लपलेला आहे आणि आपोआप काळाच निवडला जातो. तो बदलून क्रीम करा, आणि छापील चौकट नसलेली ‘प्लेन’ पानं घ्या.